डाव्या बाजूची गाठ

गणपतीच्या आधीची गोष्ट. भांडुपला स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. बाहेर पाऊस कोसळत होता, दारातल्या छत्र्यांचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी नव्या ड्रेसचं माप द्यायला गेले होते, कारण जुने सगळे पोटावर ताणून बसायला लागले होते. वहिनी ओठांत टाचण्या धरून टेप फिरवत होत्या. छाती झाली, कंबर झाली, मग पोट. टेप ओढताना त्यांची बोटं डावीकडे, बेंबीपासून चार बोटांवर, क्षणभर थांबली. पुढे गेली आणि पुन्हा तिथेच आली. टाचण्या हातात काढून घेत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "ताई, इथे गाठ आहे का हो तुम्हाला?"

"लहानपणी लागलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. वहीत आकडा लिहिला, बाह्या किती ठेवायच्या ते विचारलं. मी छत्री उघडून निघाले. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत राहिलं. इतक्या चटकन, इतकं तयार खोटं माझ्या तोंडात कुठून आलं? मला मधुमेह होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि इन्सुलिन सुरू होऊन तीन. ती गाठ कशाची, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. आंघोळ करताना तिथे साबण लावायची वेळ आली की हात आपोआप भरभर फिरायचा, एवढंच.

दुपारचं इन्सुलिन मी फोर्टातल्या ऑफिसात घ्यायचे. इन्सुलिन टोचायचं पेन चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेलं असायचं, म्हणजे पर्समधून काढताना कुणाला काही वाटू नये. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी डबे उघडून बसल्या की मी "हात धुऊन येते" म्हणून उठायचे. टॉयलेटची कडी लावायची, पर्स खांद्यालाच अडकवलेली, कारण खुंटी मोडलेली. डाव्या हाताने कुर्ता वर धरायचा, हनुवटीखाली दाबायचा, उजव्या हातात पेन. फिनेलचा वास, बाहेर नळाचा आवाज. त्या अवस्थेत हात पोचायचा ती जागा एकच, डाव्या बाजूची. सुई जेमतेम चार मिलिमीटरची, दुखायचं नाही. दुखायचं नाही म्हणूनही तीच जागा बरी वाटायची. दहा आकडे मोजायचे आणि ते मोजत असताना कुणी दार वाजवलं तर सात-आठवरच सुई काढून टाकायची. सुईसुद्धा चार-चार दिवस तीच. नवी सुई म्हणजे रोज टाकायची जुनी सुई, आणि ती टाकायची कुठे? कचऱ्याच्या डब्यात कुणाला दिसली तर?

यातलं भय सुईचं नव्हतंच. आठ वर्षं मी गोळ्यांवर होते आणि त्या आठ वर्षांत मी ज्यांच्याकडे जायचे ते डॉक्टर दर रिपोर्टला एकच वाक्य म्हणायचे, "पथ्य नीट सांभाळा, नाहीतर इंजेक्शन लावावं लागेल." शाळेत बाई अंगठे धरून उभं करण्याची धमकी द्यायच्या, तसंच. त्यामुळे इन्सुलिन लागलं तेव्हा मला औषध मिळालं असं वाटलंच नाही, शिक्षा झाल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या माहेरी कुणाला तरी अगदी शेवटी शेवटी इंजेक्शनं सुरू केली होती, म्हणून सुई लागली म्हणजे शेवटची पायरी, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मधुमेह जुना होत जातो तसं स्वादुपिंडाचं इन्सुलिन कमी पडत जातं आणि बऱ्याच जणांना पुढे ते बाहेरून द्यावं लागतं, त्यात माणसाचा गुन्हा काही नसतो, हे मला त्या आठ वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नाही. शिवाय वजन वाढलं. पहिल्याच वर्षी सहा किलो. एका लग्नात नणंद म्हणाली, "औषध चालू आहे ना गं? मग एवढी कशी सुटलीस?" मी हसले आणि ताटातली जिलबी बाजूला सारली.

लालबागला मामाकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तिथे पंगत वाढताना मामी माझ्या पानापाशी आली की मागून दोन-तीन आवाज हमखास यायचे, "तिला नको, तिला शुगर आहे." मोदकांची परात माझ्या डोक्यावरून पुढे जायची. सगळे प्रेमानेच म्हणायचे, हे मला कळतं. पण उकडीच्या मोदकाचा, तुपाचा आणि वेलचीचा तो वास जवळून निघून जायचा आणि मी पन्नाशीतली बाई तिथे पाच वर्षांची होऊन बसायचे. एक मोदक खायचा की नाही हे मी माझ्या डोसाप्रमाणे, भात कमी करून ठरवू शकते, हे तरी मला कुठे माहीत होतं.

नोव्हेंबरात भाचीने एक लिंक पाठवली. मधुमेहाबद्दल मराठीत वर्ग, झूमवर, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सहा रविवार. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो, त्याच्या पुढच्या रविवारी सुरू होणारा. आपल्याकडे तो बालदिन. जगात त्या दिवशी मधुमेह दिन पाळतात, कारण इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा तो वाढदिवस. मी भाचीला "बघते" म्हटलं आणि बघणार नव्हते. पण त्या रविवारी घरात कुणी नव्हतं. मी ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि आत गेले. कॅमेरा बंद. पडद्यावर चाळीसेक काळे चौकोन. कुणाचं नाव 'रेडमी', कुणाचं 'आदूची आई', कुणाचं नुसतं एक टिंब. शिकवणाऱ्या बाई वीसेक वर्षं आहार आणि मधुमेह याच कामात असलेल्या, आवाज शांत. त्यांचा एकटीचा चेहरा चौकोनात होता. त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "कॅमेरे बंद असू देत. मला चालतं. बोलावंसं वाटलं तर आवाज तेवढा सुरू करा."

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या एका वाक्यावर सगळं उभं राहिलं. दवाखान्यात आपण प्रकाशात बसलेले असतो. डॉक्टरांच्या टेबलावर रिपोर्ट, बाजूला नवरा, मागे दारात पुढचा पेशंट डोकावतोय. तिथे पोट दाखवायचं, वजनकाट्यावर चढायचं, आणि मग मनातलंही बोलायचं, हे कसं होणार? इथे चाळीस माणसं होती आणि मला कुणी बघत नव्हतं. तिसऱ्या रविवारपर्यंत ते काळे चौकोन भडाभडा बोलायला लागले. रायगडच्या एका आजोबांनी सांगितलं की ते इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्यात ठेवतात आणि पाहुणे आले की माठच आत नेतात. सोलापूरच्या एकीने सांगितलं की ती हळदीकुंकवाला जातच नाही, कारण तिळगूळ घेतला तरी बोलतात, नाही घेतला तरी बोलतात. एका रिक्षावाल्या दादांना आपल्या बारीक अंगाचीच लाज. "बायकोच्या घरचे म्हणतात, एवढा हडकुळा, तुला कसली शुगर? दारू पीत असशील."

त्याच दिवशी बाईंनी एक फोटो दाखवला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी. एक पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हा फोटो. दोघांची उंची-वजनाची पट्टी, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून दोघंही सडपातळच. म्हणूनच आपल्याकडे वजन जास्त धरण्याची रेषा २३ पासून सुरू होते, बाहेरच्यांसारखी २५ पासून नाही. रिक्षावाले दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं खोटं नव्हतं तर." मला त्या वाक्याने भरून आलं. जाड माणसाला आपण सांगतो, तू खाल्लंस म्हणून झालं. बारीक माणसाला सांगतो, तुला होणंच शक्य नाही. दोघांपैकी एकाचंही आपण ऐकून घेत नाही.

आणि हे आपल्या परंपरेला ठाऊक नव्हतं असंही नाही. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, दोन प्रकार सांगितलेत, एक सहज, म्हणजे जन्मापासून बरोबर येणारा, आणि दुसरा अपथ्यातून होणारा. पहिला रोगी कृश, दुसरा स्थूल, हेही त्याने लिहून ठेवलंय. इतक्या शतकांत आपण त्यातला फक्त 'अपथ्य' हा शब्द उचलला. आज देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अहवालातला हा आकडा. एवढ्या माणसांना आपण एकाच शब्दात गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. बाई तर शब्दांबाबत फार जपायच्या. कुणी "माझी शुगर खराब आली" म्हटलं की त्या म्हणायच्या, "जास्त आली म्हणा. खराब काय त्यात?" आधी मला ते उगाच वाटलं. पण घरी भाजी चिरताना मी माझीच वाक्यं आठवत गेले, 'या वेळी नापास झाले', 'काल चोरून खाल्लं', आणि थबकले. चोरून? स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटातलं?

चौथ्या रविवारी एक मुलगी बोलली. चौकोनात नाव नव्हतं. आवाजावरून वीसएक वर्षांची असावी, मागे लोकल गेल्याचा आवाज आला म्हणजे इथलीच कुठलीतरी. तिला नवव्या वर्षापासून टाइप वन. तो गोड खाण्याने होत नाही. शरीराचीच संरक्षक फौज स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्या मुलांना इन्सुलिनशिवाय जगताच येत नाही. ती म्हणाली, "मॅम, मी कधीकधी डोस घेत नाही. घेतला की जाड होते. कॉलेजचे डेज आहेत." आणि लगेच, "आईला माहीत नाही."

कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं आता बाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पोटात दुखतं का, उलट्या होतात का, श्वासाला वेगळा वास येतो का. मग सरळ सांगितलं की इन्सुलिन नसलं की रक्तात आम्ल साठतं, ते जिवावर बेततं, आणि हे तिने डॉक्टरांना उद्याच्या उद्या सांगायला हवं. सांगताना सोबत हवी असेल तर आपण फोनवर राहू. आणि म्हणाल्या, "जाड दिसण्याची भीती खरी आहे, तू वेडी नाहीस." मग त्यांनी आणखी एक चित्र लावलं. बँटिंग आणि बेस्ट यांनी टोरांटोला इन्सुलिन शोधलं १९२१ मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. इन्सुलिन मिळू लागलं त्या सुरुवातीच्या वर्षांतले एका बाळाचे दोन फोटो. एका फोटोत आईच्या कडेवर नुसता हाडांचा सापळा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. दुसऱ्यात तेच बाळ काही आठवड्यांनी, गाल वर आलेले, मांड्यांना वळ्या. लघवीवाटे वाहून जाणारी साखर अंगी लागायला लागली की वजन वाढतंच, माझेही सहा किलो तिथूनच आलेले. कुणा आईने त्या वळ्यांवरून हात फिरवला असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, याचा विचार करत मी फोनकडे बघत राहिले. ओट्यावरचं दूध उतू गेलं.

त्या रात्री मला एक घर आठवलं. गिरगावातलं, १९९८ सालचं. माझ्या भावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. कांदेपोहे यायच्या आधीच मुलीने स्वतः सांगितलं, "मला दहाव्या वर्षापासून मधुमेह आहे, मी रोज इंजेक्शन घेते. आधी सांगितलेलं बरं." तिची आई घाईघाईने बशा पुढे करू लागली, तिने विणलेला रुमाल दाखवू लागली. मुलगी सरळ बसून होती. निळी साडी, दंडावर बाही जराशी घट्ट. बी. कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देत होती. मला ती आवडली होती, खरंच आवडली होती. परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "पोर चांगली आहे गं, पण पुढे मूलबाळ, खर्च..." आणि मी म्हटलं, "नकोच." नकार कळवायला फोन मीच केला. 'पत्रिका जुळत नाही' असं सांगितलं. पलीकडून तीच बोलत होती. "हो, चालेल," म्हणाली आणि फोन ठेवायच्या आधी "थँक्यू" म्हणाली. आपल्या लाजेबद्दल बोलताना मी नेहमी इतरांची वाक्यं सांगते, नणंदेचं, मामीचं, डॉक्टरांचं. ते 'नकोच' कधी सांगितलं नव्हतं. त्या मुलीला मी कुठे शोधू आणि शोधून काय सांगू, हे मला आजही सुचत नाही. २०२४ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन मांडलं की मधुमेह असलेल्या पाच प्रौढांपैकी सरासरी चौघांना या ना त्या रूपात हा कलंक सोसावा लागतो. चौघांना सोसावा लागतो म्हणजे तो देणारेही तितकेच, बहुधा जास्त, असणार. त्यात मी होते.

पाचवा रविवार सुयांचा. बाई म्हणाल्या, रात्री किंवा आंघोळीच्या वेळी, साबणाचा हात, दोन बोटं आणि आपलं पोट. रव्यातले खडे शोधतो तसं हळूहळू चाचपायचं. एकाच जागी पुन्हा पुन्हा इन्सुलिन टोचलं की तिथली चरबी वाढते, जागा रबरासारखी होते, गाठ बनते. तीच ती सुई वापरली तर आणखी लवकर. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. आणि त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही, कधी उशिरा, कधी अर्धवट. साखर वर राहते. डॉक्टर डोस वाढवतात.

मी ओट्याला धरून उभी राहिले. तीन वर्षं माझी साखर दोनशेच्या खाली नीट येत नव्हती. तीन वर्षं दर खेपेला ऐकलं होतं की तुम्ही पथ्य पाळत नाही. आणि मी पाळत होते! उपाशी राहिले, भात सोडला, सणाला सुतकी चेहरा करून बसले. इन्सुलिन त्या सुपारीएवढ्या गाठीत अडकून राहत होतं. गाठ झाली एकाच जागी टोचल्यामुळे, एकाच जागी टोचलं कारण त्या टॉयलेटमध्ये उभ्याने दुसरीकडे हात पोचत नव्हता, आणि टॉयलेटमध्ये गेले कारण कुणाला दिसू नये. लाज माझ्या पोटात शब्दशः गाठ होऊन बसली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज सुरू केला. काय बोलले ते आठवत नाही, रडले एवढं आठवतं. 'आदूची आई' म्हणाली, "ताई, माझ्यापण उजवीकडे आहे, आत्ताच हात लावून बघितला."

बाईंनी बजावलं होतं की जागा बदलताना डॉक्टरांना विचारून डोस कमी करायचा, नाहीतर चांगल्या जागेतून इन्सुलिन झपाट्याने उतरतं आणि साखर एकदम खाली येते. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, गाठ दाखवली. डोस बराच कमी झाला. आता पोटाचे चार भाग केलेत, आठवड्याला एक, टोचताना मध्ये एक बोट अंतर, दरवेळी नवी सुई. दुपारी मी डब्याच्या टेबलावरच पेन काढते. पहिल्या दिवशी हात थरथरला. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत होती, मग तिने नुसतं तिच्या डब्याचं झाकण सरकवून मला जागा करून दिली. गाठ अजून आहे, थोडी मऊ झालीय. वजन फारसं उतरलेलं नाही. आरशासमोर उभं राहिलं की अजूनही काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत.

संक्रांतीच्या आधी मी पुन्हा वहिनींकडे गेले. माप द्यायचं होतंच, पण जायचं कारण ते नव्हतं. टेप पोटावर आला तेव्हा मी स्वतःच त्यांचा हात धरून डावीकडे ठेवला. "वहिनी, मागे मी खोटं बोलले. मला मधुमेह आहे. ही इंजेक्शनची गाठ आहे." त्यांनी हात काढला नाही. जरा वेळ तसाच ठेवला. मग पडद्याकडे एकदा बघून, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "ताई, आमच्या पोरीची मान काळी पडलीय. चौदावं चालू आहे. मी बेसन लावते, लिंबू चोळते, परवा वज्रीने घासली तर रक्त आलं. जातच नाही. शाळेत दोन वेण्या घालाव्या लागतात, मान उघडी पडते, पोरी चिडवतात. आता शाळेत जायलाच कुरकुर करते."

मी त्यांना सांगितलं की तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन असूनही त्याचा नीट परिणाम होत नाही, मग शरीर ते जास्त बनवत राहतं आणि मानेवर, काखेत कातडी अशी जाड, काळपट होते. मधुमेह असेलच असं नाही, पण रक्त तपासून घ्यायला हवं, आणि ती वज्री आधी बंद करा. वहिनींचे डोळे भरले. "म्हणजे मी पोरीला उगाच सोलत होते?" त्या म्हणाल्या. मला त्यावर उत्तर नव्हतं. मी त्यांना माझं 'नकोच' सांगितलं नाही, पण ते तोंडापर्यंत आलं होतं.

नवा वर्ग रविवारपासून सुरू होणार होता. मी वहिनींच्या फोनवर लिंक पाठवत होते. मशीनवर अर्धा शिवलेला परकर तसाच पडला होता. तेवढ्यात पडदा जरासा हलला. बाहेर कुणी आलं नाही. आतून आवाज आला, "कॅमेरा चालू ठेवावा लागतो का, मावशी?"

"नाही गं," मी पडद्याला म्हटलं. "बंद ठेवलास तरी चालतं."